सातव्या महिन्याच्या आधी

मराठी घरात गरोदरपणाकडे सगळ्यांचं लक्ष वळतं ते सातव्या महिन्यात. डोहाळजेवणाचा दिवस ठरतो, हिरवी साडी घेतली जाते, फुलांचे दागिने सांगितले जातात, बर्फी की पेढा यावर हसणं-खिदळणं होतं. मग मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. पुण्याहून, मुंबईहून, बंगळूरहून इंदूरला. पलासिया, मनोरमागंज, साकेत या भागांतल्या मराठी घरांत हे आजही असंच चालतं, आणि ते चालावं असंच मला वाटतं. पहिलटकरणीला आईच्या घरची माया हवी असते.

पण पुढच्या पानांत ज्या दोन गोष्टींचा विचार आहे, म्हणजे गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि लोह, कॅल्शियम, फोलेट, बी-१२ यांसारख्या सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता, त्यांचं बरंचसं भवितव्य सातव्या महिन्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. घर जागं होतं तेव्हा शरीराने आपले अर्धे निर्णय घेऊन टाकलेले असतात. ही प्रस्तावना मी मुख्यतः त्या आधीच्या महिन्यांसाठी लिहिते आहे.

गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रोहिण्यांमध्ये शिरतात. या रोहिण्या मुळात अरुंद आणि जाड भिंतींच्या असतात. वारेच्या पेशी त्यांना सैल आणि रुंद करतात, म्हणजे पुढे बाळ वाढेल तसं रक्त मुबलक येत राहील. हे काम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतं. ते अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडू लागते, जी आईच्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. २००३ साली बॉस्टनमध्ये अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातलं एक प्रथिन नेमकं दाखवून दिलं. ते प्रथिन रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारे घटक पकडून ठेवतं आणि निकामी करतं. मग रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागतात, यकृतावर आणि मेंदूवर ताण येतो. बीपी वाढलेलं दिसतं ते विसाव्या आठवड्यानंतर, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात. आजाराची सुरुवात मात्र चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आत झालेली असते.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब दोन वेळा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर तो वाढलेला. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिनं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांच्या तपासणीत बिघाड दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. १६०/११० म्हणजे त्याच तासाला दवाखाना. झटके आले की तो एक्लॅम्पसिया. जगभरात बाळंतपणातल्या मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाच्या खालोखाल या आजारांचा क्रमांक लागतो.

आपण जिथे राहतो तिथली परिस्थितीही पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता आणि मध्य प्रदेशात १७३. नर्मदेच्या अलीकडे आणि पलीकडे इतका फरक. पलासियातल्या सुशिक्षित घराला वाटतं की हा आकडा झाबुआ-अलीराजपूरचा आहे, आपला नाही. दवाखाना दहा मिनिटांवर आहे, सोनोग्राफी गल्लीत आहे, हे खरंच. तरी आपल्या ताटात काय आहे आणि आपलं बीपी कसं मोजलं जातं, या दोन्ही बाबतीत आपण समजतो तितके सुरक्षित नाही.

ताटापासून सुरुवात करते. सकाळी शेव आणि जीरावण घातलेले पोहे, बरोबर जिलबी. दुपारी पोळी-भाजी, वरण-भात. संध्याकाळी पाहुणे आले तर छप्पन दुकानातून कचोरी. पोट भरतं, चव तर इंदूरची, वजनही वाढतं. आता यात कॅल्शियम किती आहे ते पाहू. गरोदर स्त्रीला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका कप चहात जाणाऱ्या ५० मिलिलिटर दुधातून ६० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. दूध नुसतं पिण्याचा कंटाळा, दही रात्री नको, ताक सर्दीला वाईट, पालेभाजी निवडायला वेळ नाही आणि पावसाळ्यात तर ती घरात येतच नाही. अशा घरात दिवसाअखेरी बेरीज चारशेच्या पुढे जाणं कठीण. ज्या नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ती माळव्याच्या गव्हाच्या देशात आपल्या स्वयंपाकघरातून केव्हाच गेली. तीळ संक्रांतीपुरते उरले. शाकाहारी घरात बी-१२ चा एकमेव भरवशाचा स्रोत म्हणजे दूध-दही, आणि तेच कमी. ही उणीव डोळ्यांना दिसत नाही. अंगावर मूठभर मांस असलेली, गोरीगोमटी मुलगीही आतून रिती असू शकते.

कॅल्शियमचा आणि रक्तदाबाचा संबंध लक्षात आला तो ग्वाटेमालात. तिथल्या माया स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात भिजवून खात. गरिबी असूनही त्यांच्यात एक्लॅम्पसिया कमी दिसे. बेलिझान आणि व्हियार या संशोधकांनी १९८० साली यावरून तर्क मांडला की आहारातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते राखण्यासाठी जे संप्रेरक वाढवतं, त्याच्या परिणामाने रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींत कॅल्शियम साठतं, वाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या विड्यातही चुना असतो, पण तो बाळंतपण झाल्यावर. या आजाराच्या दृष्टीने सहा महिने उशिरा.

तर्काला पुरावा लागतो आणि तो देण्यात मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. नागपूरच्या डॉ. मनोरमा पुरवार आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दोनशे पहिलटकरणींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज दोन ग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या गटात रक्तदाबाचे विकार स्पष्टपणे कमी झाले होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आठ हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी घेतली. २००६ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांवर डॉ. पुरवार यांचंही नाव आहे. त्या चाचणीत प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण फारसं घटलं नाही, पण झटके आणि गंभीर गुंतागुंती कमी झाल्या. सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे, त्यांच्यात सर्वांत जास्त फायदा दिसतो. म्हणजे नेमका आपल्यासारख्यांमध्ये. २०१४ साली भारत सरकारने ठरवलं की चौदाव्या आठवड्यापासून प्रत्येक गरोदर स्त्रीला ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यायची आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायची. २०२४ च्या सुरुवातीला बंगळूर आणि टांझानियातल्या प्रत्येकी अकरा हजार पहिलटकरणींवरचा अभ्यास आला. त्यात प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी दिवसाला ५०० मिलिग्रॅम हे १५०० मिलिग्रॅमइतकंच उपयोगी ठरलं. ज्या मुलीला तीन-तीन मोठ्या गोळ्या गिळताना उलटी होते, तिच्यासाठी ही आनंदाची बातमी आहे. डॉक्टरांशी बोलून गोळ्या कमी करता येतील, पण एक तरी रोज पोटात जायलाच हवी.

सगळंच कॅल्शियमसारखं निघालं नाही, हेही सांगायला हवं. क आणि ई ही जीवनसत्त्वं रक्तवाहिन्यांचं अस्तर वाचवतील असं एकेकाळी फार जोरात म्हटलं जाई. २००६ साली ब्रिटनमधल्या आणि २००९ साली भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका, व्हिएतनाम इथल्या चाचण्यांनी ती आशा खोटी ठरवली. प्रीएक्लॅम्पसिया टळला नाही. तरीही औषधाच्या दुकानात 'प्रेग्नन्सी स्पेशल' म्हणून रंगीत डब्या मिळतात आणि घरातले लोक प्रेमापोटी महागातली महाग उचलतात. त्या पैशांत कितीतरी दिवसांचं दूध आणि पालेभाजी येते.

बी-१२ ची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. पुण्याच्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या चमूने वर्षानुवर्षं प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांचं रक्त आणि वार तपासली आहे. त्यांना अशा स्त्रियांमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं आणि ओमेगा-३ मधलं डीएचए कमी झालेलं दिसलं. फोलेट आणि बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं आणि ते रक्तवाहिन्यांना त्रास देतं. हा संबंध आहे, पण बी-१२ दिल्याने आजार टळतो असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. बी-१२ ची गरज दुसऱ्या भक्कम कारणासाठी आहे. केईएम रुग्णालय, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं दिसली. म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडवर थांबू नये. पूर्ण शाकाहारी घरातल्या मुलीने बी-१२ ची रक्ततपासणी एकदा करून घ्यावीच.

फॉलिक ॲसिडचा उगमही आपल्याच मुंबईचा. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायका एका विचित्र पांडुरोगाने मरत होत्या आणि लोहाने तो बरा होत नव्हता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने त्यांच्या घरचं जेवण बारकाईने नोंदलं. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध नव्हतं, त्यांच्यातच हा आजार जास्त होता. तिने त्यांना मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिला आणि त्या उठून बसल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुण कशाचा, हे दहा वर्षांनी पालकातून फॉलिक ॲसिड वेगळं केल्यावर उमगलं. आज जगभर गरोदर स्त्रिया जी गोळी घेतात, तिच्या मुळाशी गिरणगावातल्या त्या अनाम बायका आहेत.

लोहाबद्दल दोनच गोष्टी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या फक्त २६ टक्के होत्या. गोळ्या मिळत नाहीत असं क्वचितच असतं. शौच काळं होतं, पोट साफ होत नाही, मळमळतं, म्हणून त्या डबीतच राहतात. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, चहाबरोबर तर नाहीच. न्याहारीनंतर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर लोह, रात्री जेवून पुन्हा कॅल्शियम, इतकं साधं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं तरी पुरे. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. सहाव्या-सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन १३ च्या वर गेलं की घरात आनंद होतो. पण या काळात रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे निरोगीपणाचं लक्षण असतं. ते उतरलंच नाही, तर रक्ताचं आकारमान नीट वाढलं नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी बीपीकडे अधिक लक्ष द्यावं.

मिठाबद्दल सासवा-आयांना माझी कळकळीची विनंती आहे. पायावर सूज दिसली की मुलीचं मीठ बंद करू नका. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही, हे तपासलं गेलेलं आहे. उलट अळणी जेवण घशाखाली उतरत नाही आणि उरलंसुरलं पोषणही जातं. पावलांची सूज निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना येते. चेहरा आणि बोटं एकाएकी सुजली, अंगठी निघेना, तर मात्र त्याच दिवशी बीपी मोजावं. शेव-फरसाण कमी करायचं तर जरूर करा, पण त्यामागचं कारण वेगळं आहे. पोट शेवेने भरलं की दूध आणि भाजीला जागा उरत नाही.

मोजण्याविषयीही थोडं बोलायला हवं, कारण ते जितकं सोपं तितकं दुर्लक्षित आहे. ए.बी. रोडच्या गर्दीतून धापा टाकत आलेल्या मुलीला उभ्या-उभ्या पट्टा बांधला जातो आणि आकडा कार्डावर जातो. खरं तर पाच मिनिटं पाठ टेकून बसावं, पाय जमिनीवर टेकलेले असावेत, एकावर एक नकोत. हात हृदयाच्या उंचीवर, लघवी करून आलेलं, बोलणं बंद. दंड जाड असेल तर मोठा पट्टा. आकडा जास्त आला तर काही वेळाने पुन्हा. ही मागणी करणं म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणं नव्हे. २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ही तपासणी मोफत होते. बीपी, लघवी, हिमोग्लोबिन, सगळं. घरकाम करणाऱ्या आपल्या ताईची सून गरोदर असेल, तर तिला त्या दिवसाची सुट्टी द्या, आणि पगार कापू नका.

घरातल्या निदानाची मला सर्वांत जास्त भीती वाटते. डोकं ठणकतंय, मळमळतंय, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली जळजळतंय. मराठी घराचा निकाल तयार असतो : पित्त. मग आवळा सुपारी, कोकम सरबत, अंधाऱ्या खोलीत झोप. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हीच लक्षणं यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या प्रीएक्लॅम्पसियाची असू शकतात. त्यात डोळ्यांसमोर काजवे चमकले किंवा अंधुक दिसलं, तर झटका काही तासांवर असू शकतो. विसाव्या आठवड्यानंतर पित्ताचं नाव घेण्याआधी बीपी मोजायचं, हा नियम प्रत्येक घराने करावा.

आणि ते माहेरचं येणं. अठ्ठावीस ते चौतीस आठवडे हा बीपी चढू लागण्याचा काळ, आणि नेमका तेव्हाच मुलीचा डॉक्टर, गाव आणि कागद बदलतात. फाइल सासरी राहते, 'सगळं नॉर्मल होतं' एवढं तोंडी येतं. बाराव्या आठवड्यात बीपी १००/६० होतं आणि आता १३०/८६ आहे, हे इंदूरच्या डॉक्टरला कळलं तर तो सावध होईल. नुसतं १३०/८६ पाहिलं तर कदाचित 'ठीक आहे' म्हणेल. साडी-दागिन्यांच्या आधी मातृ-शिशु कार्ड बॅगेत गेलं पाहिजे, फोनमध्ये त्याचे फोटो असले पाहिजेत.

ज्यांना आधीच्या खेपेला हा आजार झाला होता, ज्यांना मुळात रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांच्या पोटी जुळं आहे, त्यांच्यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन आहे. २०१७ च्या युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत ११ ते १४ आठवड्यांत सुरू केलेल्या, रात्री घेतलेल्या १५० मिलिग्रॅमने सदतिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्पसिया सुमारे ६० टक्क्यांनी घटला. ही गोळी मनाने घ्यायची नाही. पण सोळाव्या आठवड्याच्या आत डॉक्टरला विचारलं नाही, तर तिचा फायदा बराचसा हातचा जातो. इथेही सातव्या महिन्यात विचारून उपयोग नाही.

आणखी मागे जायचं तर मुंबईचा सरस प्रकल्प पाहावा. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी झोपडवस्तीतल्या साडेसहा हजार स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध, दुसऱ्या गटाच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. एकूण बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने पालेभाजीचा खाऊ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती, आणि गरोदरपणातला मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्यात १२.४ टक्के होता. रोजचा एक पदार्थ, पण योग्य वेळी. म्हणून ही पानं नव्याने लग्न झालेल्या मुलींनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी आधी वाचावीत. भाजी आणणं, निवडणं, रात्री दुधाचा पेला हातात देणं ही नवऱ्याची कामं आहेत.

सगळं करूनही आजार होऊ शकतो. सर्व गोळ्या वेळेवर घेतलेल्या, उत्तम जेवलेल्या मुलीलाही होतो, कारण वारेचं अपुरं काम नेहमी आहाराच्या हातात नसतं. अशा वेळी 'तू खाल्लं नाहीस' असं तिला कोणी ऐकवू नये. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध जीव वाचवतं. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने त्याचं श्रेष्ठत्व सिद्ध केलं. अमेरिकेत ठरलेली त्याची मात्रा आपल्या किडकिडीत बायकांना जड जाते, हे ओळखून सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाईंनी कमी मात्रेची पद्धत बसवली. इंदूरला पाठवण्याआधी लहान गावातल्या आरोग्य केंद्रातही पहिली मात्रा देता येते. आपल्या नात्यातलं कोणी खरगोन किंवा देवासकडच्या खेड्यात असेल, तर त्यांनी हे विचारून ठेवावं.

बाळ जन्मलं की सगळे सैलावतात. आजार मात्र लगेच सैलावत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ४८ तासांत, आणि कधीकधी त्यानंतरही काही आठवडे, रक्तदाब चढू शकतो आणि झटके येऊ शकतात. बारशाच्या गडबडीत बाळंतिणीचं डोकं दुखत असेल तर ते जागरणाचं समजू नये. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, कॅल्शियम आणि लोह सहा महिने. ज्या स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेला, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. तिचं बीपी वर्षातून एकदा, मूल शाळेत गेलं, कॉलेजात गेलं तरी, मोजलं जावं.